डोळ्यांना टोचणारा दिवा



‘उजेड भरपूर, पण डोळ्यांना टोचतो’ अशी तक्रार एलईडी फोकसबद्दल पुष्कळांची असते. बहुतेक वेळा तो दिवा चुकीच्या जागी टांगलेला असतो.

एलईडीचा सगळा उजेड मसुराएवढ्या कणांतून बाहेर पडतो, म्हणून तो एवढा प्रखर वाटतो. खळ्यातला तोच दिवा भर दुपारी लावून बघा, काही वाटणार नाही. काळोख पडला की त्याच्याकडे बघवत नाही. कारण मागचा काळोख जितका दाट, तितका दिवा जास्त खुपतो. तो नजरेच्या रेषेत असला तर विचारूच नका! पिवळसर उजेडापेक्षा निळसर पांढरा उजेड बहुतेकांना अधिक टोचतो.

वयस्कर माणसांच्या, त्यातून मोतीबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांत उजेड पसरतो आणि समोर धुके आल्यासारखे होते. आपल्या रत्नागिरीत हे हसण्यावारी नेऊ नका. जांभ्याच्या पायरीवरचे फुरसे मातकट, जेमतेम हातभर. दिवा डोळ्यांवर असला तर ते पायाखाली असूनही दिसायचे नाही.

तेव्हा फोकस उंच वाशाला, बाजूला बांधा. वर पत्र्याची टोपी बसवा, म्हणजे उजेड पायरीवर पडेल. पडवीत कमी वॅटचा आणखी एक दिवा असू द्या. मागचा काळोख विरळ होतो. आंबा निवडताना मात्र पिवळा दिवा नको, फळाच्या रंगाला फसाल. तिथे पांढराच लावा, पण टोपी घालून, डोक्याच्या वर. आणि खळ्याबाहेर जाताना हातात बॅटरी घ्याच.