तट्टू म्हणा, बिनधास्त!

भीमथडी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पुण्यातली जत्रा, मासवडीचा स्टॉल आणि पार्किंगची मारामारी. बरोबर? पण थांबा. भीमथडी म्हणजे भीमा नदीचा काठ, आणि त्या काठावर तयार झालेल्या एका घोड्याचंही नाव हेच आहे. तुम्ही ते गायलाही आहात. नागपूरच्या राजा बढे यांनी लिहिलेलं आणि शाहीर साबळेंनी गाजवलेलं गीत 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालं. त्यात भीमथडीची तट्टं आहेत. म्हणजे वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यातली शाळकरी पोरंही त्यांचं नाव घेतात. वरातीला मात्र सगळ्यांनाच उंच, नटवलेली घोडी हवी. तट्टू म्हणजे भाड्याचं, हा आपला पक्का समज!

आता जरा मागे जाऊ. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत जहाजांतून अरबी घोडे उतरायचे. त्यांचा आणि तुर्की घोड्यांचा इथल्या बुटक्या, काटक जनावरांशी संकर होत गेला आणि सतराव्या-अठराव्या शतकात पुणे भागात हा दख्खनी घोडा घडला. अंगाने आटोपशीर, पायाने खंबीर, डोंगरउतारावर न अडखळणारा. रंगाने बहुतेक तांबूस-तपकिरी, पण पांढुरका आणि अबलखही सापडतो. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे याचे खाण्याचे नखरे नाहीत. मोगलांच्या धिप्पाड घोड्यांना दाणा-वैरण लागायची, मागे सामानाची रांग लागायची. हा कडब्यावर भागवायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतायची, त्यामागचं गणित बरंचसं या पोटाचं होतं.

विदर्भाचाही यात वाटा आहे. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर थेट बंगालात घुसल्या. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. बंगाल्यांनी या बारगिराचं ‘बर्गी’ केलं आणि पोरांना झोपवताना त्याची भीती घालायला सुरुवात केली. (आपल्याकडे अभिमान, तिकडे बागुलबुवा. चालायचंच.) भंडारा 1853 पर्यंत याच भोसल्यांच्या राज्यात होता.

1818 नंतर पेशव्यांची घोडदळं मोडली. इंग्रजांना लष्करासाठी उंच घोडे हवे होते, त्यांनी अरबी आणि विलायती वळू आणले. भीमथडीची तट्टं बखरींत आणि गाण्यांत उरली. मग ती वाचली कशी? राजवाड्यात नाही, धनगरांच्या वाड्यात! इथे वाडा म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारी बिऱ्हाडं. पुणे, सातारा, नगरकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी वर येतात. त्या वाटेवर आख्खा संसार घोडीच्या पाठीवर असतो. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, नवी कोकरं, कधी एखादं चिमुरडंही. हे काम ठेंगण्या जनावराचंच. उंच घोड्यावर रोज बिऱ्हाड चढवायचं आणि उतरवायचं म्हणजे कंबरडं मोडलं म्हणून समजा.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. पोलंडमध्ये कोनिक नावाचा घोडा आहे. उंदरी रंगाचा, पाठीवर काळा पट्टा असलेला. कोनिक या शब्दाचा अर्थच मुळी ‘छोटा घोडा’! तोही टिकला तो शेतकऱ्यांच्या गाडीला जुंपला गेला म्हणून. प्राध्यापक तादेउश व्हेतुलानी यांनी 1936 मध्ये ब्यावोव्हिएझाच्या जंगलात त्याच्यासाठी राखीव जागा केली आणि गरिबाचं तट्टू देशाची शान झालं.

आपल्याकडे हे जरा उशिराच सुचलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने मारवाडी, काठियावाडी वगैरे जातींच्या यादीत आता भीमथडीलाही स्वतंत्र जात म्हणून जागा दिली आहे. मस्तच! पण खरी गंमत, म्हणजे खरी काळजी, पुढेच आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भाव खातात ते उंच, कान वळलेले मारवाडी आणि काठियावाडी. उद्या भीमथडीलाही ‘थोडी हाइट’ हवी म्हणून कोणी मारवाडी वळू लावला, तर दोन-तीन पिढ्यांत नाव राहील आणि घोडा जाईल. दुसरीकडे चराऊ रानं कमी होतायत, काही वाड्यांचं सामान टेम्पोत चढतंय. घोडीचं कामच संपलं तर धनगराने तिला का पोसायचं? प्रमाणपत्रावर वैरण मिळत नाही.

तर या हिवाळ्यात कोकणच्या वीकेण्डला निघालात आणि घाटात मेंढरांच्या मागे लाल-काळ्या बोचक्यांखाली चालणारी बुटकी घोडी दिसली, तर गाडी बाजूला घ्या. हॉर्न अजिबात नको. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. आणि तिच्यावर कोकरू बसलंय का, तेही बघा.