निवड मुलांची, अमानत मोठ्यांची

पावसाळा सरत आला की शाळाशाळांतून नावे निघू लागतात. कबड्डीच्या संघात कोण, वक्तृत्वाला कोण, सीरतच्या जलशात नात कोण म्हणणार, 26 जानेवारीचे सूत्रसंचालन कोणाकडे. वाशिम जिल्ह्यातले आमचे मालेगाव असो की मुंबई-पुणे, त्या दिवशी काही मुले उड्या मारत घरी येतात आणि काही गुपचूप दप्तर ठेवून जेवायला बसतात. या गुपचूप बसणाऱ्या मुलांविषयी आम्हाला बोलायचे आहे.

सगळ्यांची निवड होणार नाही, हे उघड आहे. कबड्डीचा संघ बारा जणांचा. त्यातले सात मैदानात उतरतात. चाळीस मुलांच्या वर्गातली निदान अठ्ठावीस मुले बाहेर राहणारच. पण आपण कशामुळे बाहेर राहिलो हे मुलाला कळले का, आणि आपले कसब दाखवायला त्याला एकदा तरी उभे राहू दिले का, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक निवडीला विचारले पाहिजेत.

सीरतच्या ग्रंथांत उहुदच्या लढाईपूर्वीचा एक प्रसंग येतो. हिजरी 3, म्हणजे इ. स. 625 ची ही गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सैन्याची पाहणी केली आणि वयाने लहान असलेल्या मुलांना परत पाठवले. राफे बिन खदीज (रजि.) चांगले तिरंदाज आहेत असे कळल्यावर त्यांना मात्र थांबू दिले. हे पाहून समुरा बिन जुंदुब (रजि.) या मुलाने तक्रार केली की, राफेला घेतले आणि मला नाही, पण कुस्तीत मी त्याला पाडतो. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला गप्प बसवले नाही. दोघांची कुस्ती लावली. समुरा (रजि.) जिंकले आणि त्यांनाही परवानगी मिळाली. लढाई तोंडावर आलेली असताना एका मुलाच्या म्हणण्यासाठी वेळ काढला गेला, आणि निर्णय सर्वांसमोर झाला.

अशीच एक कुस्ती आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत मात्र त्यांना डावलले गेले. गुण देताना अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी ती जिंकली. पुढे गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले, आणि खाशाबा हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावे लागले. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. ती दुसरी कुस्ती लागली नसती, तर आपण काय गमावले हेही आपल्याला कळले नसते.

आमच्याकडच्या शाळांत अन्याय बहुधा कोणी ठरवून करत नाही. तो सोयीतून होतो. तयार मूल हाताशी असते, वेळ कमी असतो, म्हणून गेल्या वर्षीचेच नाव पुन्हा लिहिले जाते. ज्याला तीन वर्षे माईक मिळाला तो धीट होतो, आणि धीट आहे म्हणून चौथ्या वर्षीही माईक त्यालाच मिळतो. सराव शाळा सुटल्यावर ठेवला की खेड्यावरून एसटीने येणारे मूल आपोआप गळते, कारण त्याची गाडी निघून जाते. अरबीच्या शिकवणीची वेळ तीच असेल तर तेही मूल गळते. अंधार पडेपर्यंत सराव चालला की मुली गळतात, आणि मग आपणच म्हणतो की मुलींना आवड नाही.

वयाचीही एक गोम आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि वय 1 जानेवारीला मोजतात. एकाच गटात, एकाच सालात जन्मलेल्या दोन मुलांपैकी जानेवारीतला डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. बारा-तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत आणि ताकदीत लगेच दिसते. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा अभ्यासकांनी 1980 च्या दशकात तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार जास्त निघाली. म्हणजे अनेकदा आपण खेळ निवडतो असे समजून उंची निवडत असतो.

हे सगळे केवळ हौसेपुरते असते तरी महत्त्वाचे होते. पण आता त्याला गुणही जोडलेले आहेत. दहावीच्या परीक्षेत खेळाचे आणि कलेचे सवलतीचे गुण मिळतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर 7, बी असेल तर 5 आणि सी असेल तर 3 गुण. ज्या मुलाला या परीक्षेचा अर्ज कधी निघाला हेच कळले नाही, त्याचे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, पण होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलाच्या सर्वांगीण विकासाची गोष्ट आहे. ती वर्गातल्या चार हुशार मुलांपुरती नाही.

आता थोडे पालकांविषयी. आपल्या मुलाचे नाव नसले की आपल्याला इन्साफ आठवतो. ओळखीच्या संचालकाला फोन करून आपल्या मुलाचे नाव घुसवताना तो आठवतो का? पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे, मग तो न्याय स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. त्याच सूरहमध्ये अमानत ज्याची त्याला देण्याचाही हुकूम आहे. संघातली जागा हीसुद्धा अमानतच आहे. सिफारशीने ती मिळवली, तर दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराच्या हातून काढून घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. निवड कधी आणि कशावर होणार, हे आठवडाभर आधी फलकावर लिहावे आणि प्रत्येक वर्गात वाचून दाखवावे. चाचणी मधल्या सुट्टीत किंवा शाळेच्या वेळेत घ्यावी, म्हणजे एसटीचे मूलही येईल. परीक्षक दोन असावेत, आणि ज्याचे मूल किंवा नातेवाईक रांगेत आहे त्याने बाजूला बसावे. आठवीच्या मुलीला गेल्या वर्षी संधी मिळाली असेल तर यंदा निदान निम्म्या जागा नव्या मुलांना ठेवाव्यात. स्पर्धेत नसले तरी स्नेहसंमेलनात हे सहज जमते. आणि नाव न निघालेल्या मुलाला कारण सांगावे: आवाज चांगला आहे, पाठांतर कच्चे आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा ये.

अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. बैठकीत हा विषय अम्मींनी मांडावा. आपल्या मुलाचे नाव न घेता, सगळ्यांसाठी नियम मागावा. अशी मागणी कोणालाही नाकारणे कठीण जाते.

घरीही एक काम आहे. नाव निघाले नाही म्हणून मुलाला टोमणे मारू नयेत आणि शिक्षकाला शिव्याही देऊ नयेत. त्याला विचारावे की, तुला उतरायला मिळाले होते का? मिळाले असेल तर हार पचवायला शिकवावे. मिळाले नसेल तर त्याचा हात धरून शाळेत जावे आणि शांतपणे एवढेच म्हणावे, सर, याला एकदा उभे तर करून बघा.