प्रेल्यूड आणि फ्यूग, ई-फ्लॅट मेजर (बीडब्ल्यूव्ही ५५२)

ई-फ्लॅट मेजरमधील प्रेल्यूड आणि फ्यूग ही जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांची ऑर्गनसाठीची रचना आहे. बाख यांच्या कृतींच्या सूचीत तिचा क्रमांक ५५२ आहे. १७३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्लाव्हिअर-युबुंग'च्या तिसऱ्या भागात ती प्रथम छापली गेली. बरोक काळातील ऑर्गनसंगीतात तिचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

या संग्रहात एकूण २७ रचना आहेत. आरंभी प्रेल्यूड, त्यानंतर लूथरपंथीय उपासनागीतांवर आधारलेल्या २१ रचना व चार ड्युएट, आणि अखेरीस फ्यूग असा त्यांचा क्रम आहे. म्हणजेच आज एकत्र वाजवले जाणारे हे दोन भाग मूळ ग्रंथात २५ रचनांच्या अंतरावर आहेत.

प्रेल्यूड

प्रेल्यूड २०५ मापांचा असून तीन भिन्न विषयांवर उभा आहे. पहिल्या विषयातील ठसकेबाज, तुटक लय फ्रेंच ओव्हर्चरची आठवण करून देते. दुसरा हलका व नाजूक असून त्यात स्वरवाक्यांचे प्रतिध्वनी येतात. तिसऱ्यात जलद स्वरांची मालिका एका स्वरपंक्तीतून दुसरीत फ्यूगप्रमाणे प्रवेश करते. पहिला विषय ठरावीक अंतराने परत येतो व अखेरीसही तोच ऐकू येतो. त्यामुळे एवढ्या दीर्घ रचनेतही ऐकणाऱ्याची वाट चुकत नाही.

फ्यूग

फ्यूग पाच स्वरपंक्तींची व ११७ मापांची आहे. तिचे तीन विभाग अनुक्रमे ३६, ४५ आणि ३६ मापांचे आहेत. पहिला विभाग जुन्या धार्मिक समूहगायनासारखा संथ व गंभीर आहे, दुसरा प्रवाही आहे, तर तिसरा नृत्याच्या लयीत चालतो. पुढील दोन्ही विभागांत नव्या विषयांशी पहिल्या विभागातील विषय गुंफलेला आहे. हा विषय विल्यम क्रॉफ्ट यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'सेंट अ‍ॅन' या इंग्रजी भजनाच्या चालीशी जुळतो. त्यावरून इंग्रजी भाषक देशांत फ्यूगला तेच नाव पडले.

दोन भागांचे नाते

दोन्ही भागांचा स्वराधार एकच आहे आणि दोन्ही ऑर्गनच्या पूर्ण स्वरसंचावर वाजवण्याची सूचना मूळ छपाईत आहे. हे दोन भाग जोडीने वाजवण्याच्या प्रथेला यामुळे आधार मिळतो. मात्र जोडी स्वतंत्रपणे वाजवली की मधल्या उपासनागीतांना कवेत घेणारी चौकट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. फेलिक्स मेंडेल्सन यांनी १८४० साली लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये, बाख यांच्या स्मारकासाठी निधी उभारताना, केवळ फ्यूग वाजवली होती.

प्रतीकात्मकता

स्वरलिपीच्या आरंभीची तीन फ्लॅट चिन्हे, प्रेल्यूडचे तीन विषय, फ्यूगचे तीन विभाग आणि संग्रहातील २७ रचना (३×३×३) यांवरून अनेक अभ्यासक या कृतीत ख्रिस्ती त्रैक्याचे प्रतीक पाहतात. संग्रहातील पहिली गीते पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना उद्देशून असल्याने या मताला बळ मिळते. तथापि, संग्रहाच्या छापील प्रतीत बाख यांनी असे स्पष्टीकरण दिलेले नाही.

रूपांतरे

फेरुच्चो बुसोनी यांनी या रचनेचे पियानोसाठी रूपांतर केले. आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९२८ साली दोन्ही भाग मोठ्या वाद्यवृंदासाठी मांडले.