क्लिंगॉनांच्या कपाळाचं कोडं

'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरचे लढवय्ये. १९६७ साली ते अमेरिकी टीव्हीवर पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांचं कपाळ तुमच्याआमच्यासारखंच सपाट होतं. १९७९च्या चित्रपटात मात्र तिथे हाडांचे उंचवटे आले. कारण अगदी साधं: मालिकेला रंगभूषेवर फार खर्च परवडत नव्हता, चित्रपटाला परवडला.

पण चाहत्यांचं एवढ्यानं समाधान होईना. कपाळ कथेतल्या जगात बदललं, तर कारणही त्याच जगातलं हवं! मग तर्क लढवले गेले: क्लिंगॉनांचे वंशच दोन असतील, माणसाशी संकर झाला असेल, कुणीतरी जनुकांत ढवळाढवळ केली असेल.

१९९६ साली 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेच्या एका भागात नव्या नटांना संगणकाच्या करामतीनं १९६७च्या जुन्या दृश्यांत घुसवलं. उंचवटेवाला क्लिंगॉन वॉर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच ठिकाणी! सहकारी विचारतात, हा जनुकीय फेरफार की विषाणूचा प्रताप? वॉर्फ तुटकपणे सांगतो, हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही.

२००५मध्ये 'स्टार ट्रेक'च्या 'एंटरप्राइज' मालिकेनं दोन्ही तर्कांची सांगड घातली. महाबली सैनिक घडवण्यासाठी क्लिंगॉन माणसाची सुधारित जनुकं वापरतात, त्यातून विषाणूची साथ भडकते. उपचारानं जीव वाचतो, पण उंचवटे जातात आणि पुढच्या पिढ्याही सपाट कपाळानंच जन्मतात.

विषाणू पिढ्यान्‌पिढ्यांचं शरीर बदलेल? आपलंच उदाहरण घ्या. मानवी जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग म्हणजे रेट्रोव्हायरस या प्रकारच्या प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत. त्यांतल्याच एका जनुकापासून सिन्सिटिन हे प्रथिन बनतं. ते वारेतल्या पेशी एकमेकींत विलीन करतं आणि आई व गर्भ यांच्यामधला थर तयार होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या संसर्गाची ही शिदोरी आपल्याला जन्माआधीच उपयोगी पडते.

खरी अडचण वेगळीच आहे. माणसाची जनुकं परग्रहवासीयाच्या पेशींना वाचता येतील कशी? दोघांचा जनुकीय संकेत, म्हणजे जनुकं वाचण्याची रीत, एकच हवी. त्याचीही सोय 'स्टार ट्रेक'च्या १९९३च्या 'द चेस' या भागात झाली होती: अब्जावधी वर्षांपूर्वी एका प्राचीन वंशानं अनेक ग्रहांवर आपलं जनुकीय बीज पेरलं. चाहत्यांना आवडेल अशीच ही कल्पना. पण १९७३ साली, पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या सजीवांचा जनुकीय संकेत एकच कसा, या प्रश्नाकडे बोट दाखवत, असंच काहीसं गृहीतक शोधनिबंधात मांडलं होतं लेस्ली ऑर्गेल आणि फ्रान्सिस क्रिक यांनी. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले क्रिक, तेच हे!