पिवळी पाने आणि मातीतील चुना

पांढुर्णा-सौसर भागातील संत्राबागांत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की जमिनीत लोह नाही असे आपण समजतो. लोह बहुधा असते. ते मुळांना मिळत नाही. शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ७. त्याखाली आम्ल, वर अल्क. चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास असतो, व तेथे लोह फारसे विरघळत नाही. मग थोडे आम्ल ओतावे काय? चुनखडी ते फसफसून संपविते. सामू जवळजवळ जागीच राहतो. या गुणास बफर म्हणतात. आपल्या रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखणारा हाच गुण मातीत मात्र आडवा येतो. म्हणून आम्ही विनवितो, कलमे लावण्यापूर्वीच खोलवरची माती तपासून घ्यावी.