‘साडेतीन’चा खेळाडू म्हणजे नेमका कोण?

पुण्या-मुंबईतल्या पिकलबॉल कोर्टवर नवा माणूस आला, की नाव-गाव विचारून होण्याआधीच एक प्रश्न येतो : ‘रेटिंग किती?’ कुणी ‘साडेतीन’ म्हणतो, कुणी ‘चारच्या जवळ’. त्या उत्तरावर ठरते, की तुम्हाला कोणाबरोबर आणि कोणत्या कोर्टवर खेळायला मिळणार. हौसेने खेळणाऱ्यांच्या आयुष्यात शिरलेला हा आकडा येतो कुठून आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

आधी खेळाविषयी थोडे. १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी सुट्टीतल्या करमणुकीसाठी हा खेळ जुळवला. कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीएवढेच, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट. चेंडू प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा. जाळ्यापासून दोन्ही बाजूंना ७ फुटांच्या पट्ट्यात उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही. या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. त्यामुळे नुसत्या ताकदीचा फायदा कमी होतो आणि साठीतल्या आजी व विशीतला नातू एकाच कोर्टवर खेळू शकतात. पण कौशल्यातील अंतरही त्यामुळेच मोठे राहते. सामना रंगायचा तर जोड्या तोलामोलाच्या हव्यात. रेटिंगची गरज इथून सुरू होते.

सोपा मार्ग म्हणजे ज्याने-त्याने स्वतःची पातळी सांगणे. अगदी नवखा २.०, सर्व्हिस आणि परतीचा फटका बऱ्यापैकी कोर्टात ठेवणारा ३.०, किचनच्या कडेला उभे राहून अलगद फटक्यांची रॅली थोडीफार टिकवणारा ३.५, फटक्याची जागा आणि वेग ठरवून खेळणारा ४.० अशी ही साधारण उतरंड. अडचण एवढीच, की स्वतःला जोखण्यात माणूस कच्चा असतो. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्या घेतल्या. सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या चौथाई लोकांनी प्रत्यक्षात सरासरी शंभरातील फक्त १२ जणांना मागे टाकले होते. त्यांचा स्वतःचा अंदाज होता ६२ जणांना! असे का होते यावर संशोधकांत वाद आहेत, पण कोर्टवर याचा अनुभव रोज येतो.

म्हणून दुसरा मार्ग निघाला : निकालांवरून रेटिंग. याचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० साली आणि जागतिक महासंघ ‘फिडे’ने १९७० साली स्वीकारली. तिची कल्पना साधी आहे. दोघांच्या रेटिंगमधील फरकावरून सामन्याआधीच अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून किती वेगळा लागला, तेवढाच आकडा हलवायचा. एलो पद्धतीत २०० गुणांनी वरचढ खेळाडूकडून सुमारे ७६ टक्के यशाची अपेक्षा असते. एका डावावर जास्तीत जास्त २० गुण पणाला लागतात असे धरू. वरचढ जिंकला तर त्याला जेमतेम ५ गुण मिळतात. दुबळा जिंकला तर त्याला १५. अपेक्षित ते घडले तर नवी माहिती थोडीच मिळते, म्हणून बक्षीसही थोडे.

पिकलबॉलमध्ये आज सर्वाधिक चर्चेत असलेले ‘ड्यूपर’ रेटिंग याच कुळातले. ते २ ते ८ या पट्टीवर आणि दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत दिले जाते. कुणाचे ३.४१२, कुणाचे ३.४५७. हे तीन अंक पाहून वाटते, की सोनाराच्या काट्यावर तोलले आहे. प्रत्यक्षात हा अंदाज असतो आणि तो तीन कारणांनी डळमळतो.

पहिले कारण योगायोग. समजा, अ हा ब-विरुद्ध दर १० डावांपैकी सरासरी ६ जिंकतो, म्हणजे तो निश्चित सरस आहे. तरीही कोणत्याही १० डावांत त्याला चार किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे सहापैकी एखाद्या वेळी सरस खेळाडूच कच्चा दिसेल. दुसरे कारण दुहेरी. विजय जोडीचा असतो, रेटिंग मात्र एकेकट्याचे. श्रेय कोणाचे किती, हे एका सामन्यातून कळत नाही. जोडीदार बदलत गेले तरच हळूहळू उलगडते. तिसरे कारण बंदिस्त गट. एकाच सोसायटीतील बारा जण आपसातच खेळत राहिले, तर त्यांच्यात वर कोण आणि खाली कोण एवढे समजते. त्यांचा ३.५ आणि शेजारच्या उपनगरातला ३.५ सारखाच आहे की नाही, हे दोन्ही गट एकमेकांशी खेळल्याशिवाय गणिताला कळणार नाही. म्हणूनच ड्यूपरमध्ये रेटिंगशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारीही असते. बहुतेक जण तिच्याकडे पाहत नाहीत.

याचा आरोग्याशी संबंध काय? पुष्कळ. तोलामोलाच्या सामन्यात रॅली लांबते, पाय हलत राहतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. एकतर्फी सामन्यात नवखा हिरमुसतो. शिवाय जाळ्याजवळ उभ्या असलेल्या नवख्याला जोरदार फटका चुकवता आला नाही, तर चेंडू थेट डोळ्यावर बसू शकतो. योग्य वापरला, तर रेटिंगचा आकडा खरोखर उपकारक आहे.

पण आकडा हेच ध्येय झाले, की बिघडते. रेटिंग घसरेल म्हणून लोक नवख्यांशी खेळणे टाळतात, उतारवयातील जोडीदार नाकारतात, पोटरी दुखत असतानाही ‘आजचा सामना नोंदवायचाय’ म्हणून उतरतात. काही जण स्पर्धेत खालच्या गटात सोपे पदक मिळावे म्हणून मुद्दाम रेटिंग कमी ठेवतात. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी सांगतात, की या खेळातील दुखापतींसाठी येणाऱ्यांत बहुसंख्य पन्नाशीपुढचे असतात आणि घसरून, अडखळून पडणे हे एक प्रमुख कारण असते. उंच चेंडूसाठी तोंड जाळ्याकडे ठेवून उलटे मागे धावणे विशेष धोक्याचे. तो एक गुण सोडून दिला तर रेटिंग फारसे हलत नाही. मनगट मोडले तर काही महिने खेळ थांबतो.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. रेटिंग हा पट्टा समजावा : ३.४ आणि ३.६ यांत भेद मानू नये. मोजक्या सामन्यांवरून आलेला आकडा कच्चा समजावा. आठवड्यातला एखादाच दिवस नोंदीच्या सामन्यांसाठी ठेवून बाकीचे दिवस मोकळे खेळावे. नवख्यांबरोबर खेळताना मुद्दाम अलगद फटक्यांचा सराव करावा. त्यात दोघांचाही फायदा आहे. दुखणे असेल तर खेळण्याआधी जोडीदाराला सांगावे आणि चाळिशीनंतर अंग गरम केल्याशिवाय कोर्टवर उतरू नये.

आज कोणाशी खेळलो तर सामना चुरशीचा होईल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर रेटिंग देते. गुडघे कसे आहेत, तोल किती सांभाळता येतो, जिना चढताना दम लागायचा कमी झाला का, हे त्यात कुठेच नोंदले जात नाही. साठीत खेळायला सुरुवात केलेल्या माणसाने वर्षभरानंतर आधी हेच पाहावे आणि मग वाटल्यास साडेतीनचे चार झाले का, ते.