बारामतीत बनणारी इटालियन मोटारसायकल

अप्रिलिया ही इटलीतल्या नोआले गावची कंपनी, 2004 पासून पियाजिओच्या मालकीची. तिची ‘टुओनो 457’ ही मोटारसायकल मात्र तयार होते पुणे जिल्ह्यात, बारामतीच्या कारखान्यात. 2025 च्या फेब्रुवारीत ती भारतात सुमारे चार लाखांना आली.

ही ‘नेकेड’ जातीची गाडी. तिची जुळी बहीण ‘आरएस 457’ अंगभर फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे कवच, घालते. टुओनोच्या बाजू उघड्या, फ्रेम आणि इंजिन डोळ्यांसमोर. हॅन्डल रुंद आणि उंच, त्यामुळे चालवणारा टाकीवर ओणवा होत नाही, ताठ बसतो. खानदेशातल्या पारोळ्याच्या बाजारपेठेत ट्रॅक्टर-रिक्षांमधून वाट काढताना याचा खरा उपयोग. उलट धुळे-जळगाव महामार्गावर वेग वाढला की वारा थेट छातीवर येतो. हौसेची ही किंमत मोजावीच लागते.

इंजिन 457 सीसीचे, दोन सिलिंडरचे. क्रँकची रचना 270 अंशांची असल्याने दोन सिलिंडरांतले इंधनाचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. म्हणून आवाज भरदार आणि किंचित अडखळता. ताकद 35 किलोवॅट, वजन पेट्रोलसह 175 किलो. हा हिशेब योगायोगाचा नाही. युरोपातल्या ‘ए-2’ या मोटारसायकल परवान्याला 35 किलोवॅट आणि किलोमागे 0.2 किलोवॅट हीच मर्यादा आहे.

लिक्विड कूलिंग असले तरी खानदेशच्या उन्हाळ्यात, गर्दीत रेंगाळताना इंजिनाची धग मांड्यांना लागणारच. रोज शेतावर जायला ही गाडी नव्हे. त्या कामाला शंभर सीसीची साधी गाडीच बरी.